मुंबई ते न्यूयॉर्क: विमानमार्गाचे अंतर स्वतः कसे काढावे

न्यूयॉर्क किंवा न्यू जर्सीत कोणी नातेवाईक नाही, असे घर मुंबई-पुण्यात आता शोधावे लागते. तरीही मुंबईहून न्यूयॉर्क किती दूर आहे, या साध्या प्रश्नाला कोणी साडेबारा हजार किलोमीटर म्हणतो, कोणी जवळपास तेरा हजार, तर नकाशावर पट्टी ठेवून मोजणारा चौदा हजारांच्या पुढे जातो. यातला कोणताच आकडा मनाने काढलेला नसतो. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर असतो. दोन विमानतळांमधले पृथ्वीच्या पृष्ठभागावरचे सर्वांत कमी अंतर ही एक गोष्ट, विमानाला प्रत्यक्ष ज्या मार्गाने जाता येते त्या मार्गाची लांबी ही दुसरी, आणि वारा जमेस धरून विमानाला हवेतून जेवढे कापावे लागते ते अंतर ही तिसरी. आपल्याला यातले कोणते हवे आहे हे आधी ठरवावे, कारण तिन्हींची पद्धत वेगळी आहे. पहिले अंतर नेमके काढता आले की उरलेली दोन्ही त्याच्या आधाराने काढता येतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू. त्यासाठी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरेसा आहे. बहुतेक फोन आडवा धरला की साइन आणि कॉसची बटणे दिसू लागतात.

शहर नव्हे, विमानतळ धरावा

मुंबई हे शहर कुलाब्यापासून दहिसरपर्यंत पसरलेले आहे आणि न्यूयॉर्क त्याहूनही मोठे आहे, त्यामुळे शहराचा मध्य कोणता, या वादात न पडता विमानतळाचेच अक्षांश-रेखांश घ्यावेत. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू अधिकृतपणे ठरवलेला असतो आणि त्याचे स्थान सहज मिळते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी १९.०९ अंश उत्तर अक्षांश आणि ७२.८७ अंश पूर्व रेखांश, तर न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळासाठी ४०.६४ अंश उत्तर आणि ७३.७८ अंश पश्चिम हे आकडे घ्यावेत. स्थान अंश आणि मिनिटांत दिलेले असेल, तर मिनिटांना ६० ने भागून ते अंशांत मिळवावे लागते: ४० अंश ३८ मिनिटे म्हणजे ४०.३८ नव्हे, तर ४०.६३ अंश. ही चूक फार वेळा होते आणि तिच्यामुळे उत्तर पंचवीस-तीस किलोमीटरने सरकू शकते. न्यूयॉर्कला जाणारी काही विमाने हडसन नदीपलीकडच्या नेवार्कला उतरतात. केनेडीपासून नेवार्क साधारण तेहेतीस किलोमीटरवर आहे, त्यामुळे इतक्या लांबच्या प्रवासात हा फरक नगण्य असला, तरी हिशेब करताना तिकिटावरचा विमानतळच धरावा.

आता दोन रेखांशांमधला फरक काढायचा. एक रेखांश पूर्व आणि दुसरा पश्चिम असेल, तर दोन्हींची बेरीज करावी. दोन्ही एकाच बाजूचे असतील, तर वजाबाकी. इथे ७२.८७ अधिक ७३.७८ म्हणजे १४६.६५ अंश. बेरीज १८० च्या वर गेली, तर ती ३६० मधून वजा करावी, कारण मग पृथ्वीला दुसऱ्या बाजूने वळसा घालणे जवळचे ठरते. मुंबई-सॅन फ्रान्सिस्को ही अशीच जोडी आहे: ७२.८७ अधिक १२२.३८ म्हणजे १९५.२५, म्हणून वापरायचा फरक १६४.७५ अंश. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचे शहर असेल, तर त्याचा अक्षांश उणे धरावा.

एका ओळीचे सूत्र

गोलाच्या पृष्ठभागावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा रस्ता नेहमी बृहद्वृत्ताचा भाग असतो. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीने गोल कापला की जे सर्वांत मोठे वर्तुळ मिळते, ते बृहद्वृत्त. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे, समोरासमोरची दोन रेखावृत्ते मिळून एक बृहद्वृत्त होते, पण इतर अक्षवृत्ते बृहद्वृत्ते नाहीत. दोन विमानतळ पृथ्वीच्या केंद्राशी किती अंशांचा कोन करतात हे कळले की अंतर कळले, आणि तो कोन या सूत्राने मिळतो:

कॉस (कोन) = साइन (पहिला अक्षांश) × साइन (दुसरा अक्षांश) + कॉस (पहिला अक्षांश) × कॉस (दुसरा अक्षांश) × कॉस (रेखांशांतील फरक)

आकडे घालून पाहू. साइन १९.०९ = ०.३२७१ आणि साइन ४०.६४ = ०.६५१३; त्यांचा गुणाकार ०.२१३०. कॉस १९.०९ = ०.९४५० आणि कॉस ४०.६४ = ०.७५८८, कॉस १४६.६५ = उणे ०.८३५३. या तिघांचा गुणाकार उणे ०.५९९०. दोन्ही मिळवले की उणे ०.३८६० उरते. आता व्यस्त कॉसचे बटण, म्हणजे कॉसच्या डोक्यावर उणे एक लिहिलेले बटण दाबले की ११२.७१ अंश हा कोन मिळतो.

कोनावरून अंतर काढण्यासाठी पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ कि.मी. घेतात. त्या हिशेबाने बृहद्वृत्तावरचा एक अंश १११.१९५ कि.मी. भरतो. ११२.७१ ला या संख्येने गुणले की १२,५३३ येतात; दोन दशांश स्थळांपर्यंतच्या अक्षांश-रेखांशांवर शेवटचा आकडा फार ताणण्यात अर्थ नाही, म्हणून मुंबई ते न्यूयॉर्क हे सर्वांत जवळचे अंतर सुमारे १२,५३० कि.मी. म्हणावे.

उत्तरावर विश्वास ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. कॅल्क्युलेटर अंशांवर लावलेला आहे की रेडियनवर, म्हणजे कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककावर, हे पाहण्यासाठी साइन ३० काढावा, तो ०.५ आला पाहिजे. संगणकावरच्या तक्त्यात हेच सूत्र लिहिणाऱ्यांनी तर विशेष काळजी घ्यावी, कारण तिथली त्रिकोणमितीय फलने अंश समजत नाहीत, त्यांना प्रत्येक कोन रेडियनमध्ये करूनच द्यावा लागतो आणि उत्तरही रेडियनमध्येच येते, जे थेट ६,३७१ ने गुणायचे असते. दुसरे म्हणजे पृथ्वीवरच्या कोणत्याही दोन ठिकाणांमधले सर्वांत जवळचे अंतर तिच्या परिघाच्या निम्म्याहून, म्हणजे सुमारे २०,०१५ कि.मी.हून अधिक असूच शकत नाही. त्याहून मोठा आकडा आला, तर कुठेतरी हिशेब चुकला आहे असे समजावे.

पृथ्वी नेमकी गोल नाही, ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, ही हरकत कोणी घेईल आणि ती योग्यच आहे. विषुववृत्तापाशी त्रिज्या ६,३७८ कि.मी. आणि ध्रुवापाशी ६,३५७ कि.मी. आहे. गोल धरल्यामुळे येणारी चूक जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याच्या आसपास जाते, म्हणजे आपल्या उदाहरणात साठ-पासष्ट किलोमीटर, आणि बहुधा त्याहून बरीच कमी. प्रवाशाला याहून अधिक काटेकोरपणाची गरज नसते. जिथे गरज असते तिथे लंबगोलाकार पृथ्वीवरची गणिते वापरतात; थडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेली पद्धत त्यासाठी आजही प्रचलित आहे आणि तिचे उत्तर मिलिमीटरपर्यंत बरोबर येऊ शकते. मुंबई-पुण्यासारख्या जवळच्या जोड्यांसाठी मात्र वरचे कॉसचे सूत्र टाळावे. तिथे कॉसची किंमत एकाच्या इतकी जवळ जाते की चार दशांशांत ती धड पकडताच येत नाही; हॅव्हरसाइन नावाचे सूत्र अशा वेळी चांगले चालते.

गोलावर दोरा ताणून पाहावा

ज्यांना सूत्र नको असेल आणि विशेषतः ज्यांच्या घरी शाळकरी मुले असतील, त्यांनी पृथ्वीगोल आणि दोरा घ्यावा. ३० सें.मी. व्यासाच्या गोलाचा परीघ ९४.२ सें.मी. भरतो आणि तो ४०,०३० कि.मी. दाखवतो, म्हणजे दोऱ्याचा एक सेंटिमीटर साधारण ४२५ कि.मी.चा. एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरून दोरा घट्ट ताणला की तो आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर सरकतो आणि साडेएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास भरतो. माझ्या मते हा प्रयोग सूत्राआधी करावा, कारण दोरा कुठून जातो हे पाहिल्यावर जे कळते ते आकड्यातून कळत नाही.

तो दोरा पश्चिमेकडे अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जात नाही, तर मुंबईहून निघतानाच उत्तरेपासून फक्त सत्तावीस अंश पश्चिमेकडे झुकतो. राजकोटच्या आसपासहून तो सिंधमध्ये शिरतो, कंदाहारच्या जवळून अफगाणिस्तान ओलांडतो, तुर्कमेनिस्तान आणि पश्चिम कझाकस्तानवरून रशियात जातो, सेंट पीटर्सबर्गच्या थोडे दक्षिणेकडून फिनलंडकडे वळतो, स्वीडन ओलांडून नॉर्वेत ट्रॉन्डहाइमजवळ पोहोचतो आणि पुढे आइसलंडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला जवळजवळ घासून लॅब्रॅडॉर, क्युबेक आणि मेनमार्गे न्यूयॉर्कला उतरतो. दोन्ही शहरे ४१ अंश उत्तरेच्या खाली असूनही हा मार्ग नॉर्वे आणि आइसलंड यांच्यामधल्या समुद्रावर ६४.७ अंश उत्तरेपर्यंत चढतो.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर हे दिसत नाही. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली जो नकाशा तयार केला, त्यात दिशा अचूक राहावी म्हणून ध्रुवांकडचा भाग ताणून मोठा केलेला आहे, आणि त्या नकाशावर मुंबई-न्यूयॉर्क अशी सरळ रेघ ओढली तर तिची प्रत्यक्ष लांबी सुमारे १४,२०० कि.मी. भरते. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजासाठी ती रेघ सोयीची होती. विमानासाठी मात्र ती १,६५० कि.मी.हून अधिकचा वळसा ठरते. आसनासमोरच्या पडद्यावर विमान उगाचच उत्तरेकडे वळल्यासारखे वाटते, ते या ताणलेल्या नकाशामुळे.

बंद आकाश आणि वाटेतले बिंदू

प्रत्यक्षात विमान त्या दोऱ्यावरून जाईलच असे नाही. वाटेतल्या प्रत्येक देशाच्या हवाई हद्दीतून जाण्याची परवानगी लागते, आणि ही परवानगी राजकारणाबरोबर बदलते. बालाकोटच्या कारवाईनंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली आणि ती जुलै २०१९ मध्ये पूर्णपणे खुली झाली. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी ती भारतीय विमान कंपन्यांसाठी पुन्हा बंद झाली. रशियाने २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तेव्हा युनायटेड एअरलाइन्सने नेवार्क-मुंबई सेवा थांबवली. भारतीय कंपन्यांना रशियाचे आकाश खुले राहिले. म्हणजे एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, दोन कंपन्यांच्या विमानांचे अंतर वेगळे असू शकते, आणि याचे कारण भूगोलात नसून परराष्ट्र धोरणात असते.

अशा वळशाचा हिशेब करण्याची रीत सोपी आहे. ज्या बिंदूवरून विमानाला वळून जावे लागते तो बिंदू घ्यावा, प्रवासाचे दोन तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याला वरचेच सूत्र लावावे आणि बेरीज करावी. पाकिस्तान टाळण्यासाठी विमान आधी अरबी समुद्रावरून मस्कतकडे जाते असे धरू. मस्कत २३.६ अंश उत्तर, ५८.३ अंश पूर्व. मुंबई-मस्कत १,५८९ कि.मी. आणि मस्कत-न्यूयॉर्क सुमारे ११,३२४ कि.मी., एकूण १२,९१३ कि.मी. थेट मार्गापेक्षा हे सुमारे ३८० कि.मी.ने जास्त आहे, म्हणजे ताशी ९०० कि.मी. वेगाने पंचवीस मिनिटे. मुंबई समुद्राकाठी आणि दक्षिणेला असल्यामुळे तिला हा वळसा तुलनेने स्वस्तात पडतो. दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानाला आधी गुजरातकडे खाली यावे लागते, म्हणून तिथे झळ बरीच जास्त बसते. वळणाचे बिंदू अधिक असतील तर तुकडे अधिक करावेत, गणित तेच राहते.

याच रीतीने मधल्या थांब्यांची तुलना करता येते, आणि तिकीट निवडताना ती फार उपयोगी पडते. मुंबई-लंडन सुमारे ७,२१० आणि लंडन-न्यूयॉर्क ५,५४० कि.मी., मिळून १२,७५० कि.मी. लंडनला उतरून गेले तरी थेट अंतरापेक्षा फक्त सव्वादोनशे किलोमीटर जास्त पडतात. एअर इंडियाने १९६० साली बोइंग ७०७ विमानांनी न्यूयॉर्कची सेवा सुरू केली ती लंडनमार्गेच, आणि अंतराच्या दृष्टीने ती निवड उत्तम होती. दुबईमार्गे १,९२७ अधिक ११,००१ म्हणजे १२,९२८ कि.मी., सुमारे ४०० कि.मी. जास्त. याउलट सिंगापूरमार्गाचे तिकीट स्वस्त दिसले, तर आधी हिशेब करावा: मुंबई-सिंगापूर सुमारे ३,९०० कि.मी. आणि सिंगापूर-न्यूयॉर्क, जी जगातल्या सर्वांत लांब विनाथांबा सेवांपैकी एक आहे, सुमारे १५,३०० कि.मी.; मिळून एकोणीस हजारांच्या वर. लंडन किंवा दुबईच्या थांब्यात जो वेळ जातो तो बहुतांश विमानतळावर बसण्यात जातो. सिंगापूरमार्गे गेलात तर तो हवेतही जातो.

वारा धरला की अंतर बदलते

विमान जमिनीवरून नव्हे, हवेतून जाते, आणि हवा स्वतः सरकत असते. मध्य अक्षांशांवर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी २०० कि.मी.च्या वर जाणे नवलाचे नाही. म्हणून न्यूयॉर्कला जाताना वारा बहुधा समोरून येतो आणि परतताना पाठीशी असतो.

समजा, विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० कि.मी. आहे आणि संपूर्ण प्रवासाच्या सरासरीने समोरचा वारा ताशी ६० कि.मी. आहे. मग जमिनीच्या हिशेबाने वेग ८४० राहतो आणि १२,५३० कि.मी. कापायला १४ तास ५५ मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात विमानाने हवेतून कापलेले अंतर मात्र सुमारे १३,४२५ कि.मी. होते, आणि इंधन या अंतराला लागते. येताना तोच वारा पाठीमागून असेल, तर १३ तास ३ मिनिटांत काम होते आणि हवेतले अंतर ११,७५० कि.मी.च्या खाली येते. जमिनीवरचे अंतर दोन्ही वेळा तेच, तरीही जाण्यायेण्यात जवळपास दोन तासांचा फरक. विमानाची उंची मात्र इथे जवळजवळ गौण आहे: अकरा किलोमीटर उंचीवरून तोच कंस कापताना अंतर केवळ बावीसेक किलोमीटरने वाढते.

याच कारणाने उत्तर अटलांटिकवरचे मार्ग कायमचे आखलेले नसतात. कॅनडातील गँडर आणि ब्रिटन-आयर्लंडची शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रे त्या दिवशीचा वारा पाहून तिथले समांतर मार्ग रोज नव्याने ठरवतात, आणि पाठीशी वारा मिळत असेल तर शंभर-दोनशे किलोमीटर जास्त लांबीचा मार्गही वेळेने जवळचा ठरतो.

तिकिटावरच्या वेळेवरून ताळा

एककांच्या बाबतीत सावध राहावे. वैमानिक आणि नियंत्रक सागरी मैल वापरतात, जो १.८५२ कि.मी.चा असतो आणि अक्षांशाच्या एका मिनिटावरून आलेला आहे. प्रवाशांना मिळणारे मैलांचे गुण बहुधा जमिनीच्या १.६०९ कि.मी.च्या मैलात मोजलेले असतात. १२,५३० कि.मी. म्हणजे सुमारे ६,७६६ सागरी मैल किंवा ७,७८६ साधे मैल. कोणत्याही तक्त्यात नुसते ‘मैल’ दिसले, तर ते कोणते, हे कि.मी.शी तुलना करून आधी ठरवावे.

काढलेल्या अंतराचा ताळा तिकिटावरून करता येतो. तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात, आणि न्यूयॉर्क हिवाळ्यात भारतापेक्षा साडेदहा तास, तर मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेनऊ तास मागे असते. समजा, जानेवारीत विमान मुंबईहून पहाटे २ वाजता सुटते आणि त्याच तारखेला सकाळी ७.३० वाजता न्यूयॉर्कला पोहोचते. घड्याळातला फरक साडेपाच तास, त्यात साडेदहा मिळवले की १६ तास. त्यातून धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे आणि उतरल्यावर दारापर्यंत येणे यासाठी चाळीस मिनिटे वजा केली, तर हवेतले १५ तास २० मिनिटे उरतात. जमिनीच्या हिशेबाने ताशी ८४० कि.मी. हा वेग धरला, तर अंतर १२,८८० कि.मी. येते. थेट मार्गाच्या १२,५३० पेक्षा हा आकडा बराच मोठा आणि मस्कतमार्गाच्या १२,९१३ च्या अगदी जवळ आहे. म्हणजे असे वेळापत्रक आखणाऱ्या कंपनीने वळशाचा किंवा जोरदार वाऱ्याचा वेळ त्यात आधीच धरलेला असतो. यातले नेमके कारण कोणते हे ठरवायचे असेल, तर विमानांचा माग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवर त्या उड्डाणाची कालची वाट उघडावी, तिच्यावरची चार-पाच वळणे निवडून त्यांचे अक्षांश-रेखांश लिहून घ्यावेत आणि प्रत्येक तुकड्याला वरचे सूत्र लावून बेरीज करावी. बेरीज १२,६०० च्या आसपास आली, तर उशीर वाऱ्याचा; १२,९०० च्या आसपास आली, तर तो मार्गाचा.